कार्यस्थळी रासायनिक वायुगळती आणि सुरक्षित प्रतिसादाची जडणघडण : भोपाळ (१९८४) ते विशाखापट्टणम (२०२०) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

कारखान्यात घातक रसायनाची गळती झाली असता कामगार, व्यवस्थापन, प्रशासन व परिसरातील नागरिक यांनी सुरक्षित प्रतिसाद कसा द्यावा, हा प्रश्न सामान्यतः अभियांत्रिकीचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. भोपाळ येथील १९८४ ची वायुदुर्घटना, दिल्लीतील १९८५ ची ओलियम गळती, त्यानंतर भारतात झालेले कायदे आणि विशाखापट्टणम येथील २०२० ची स्टायरीन गळती यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, गळतीला सुरक्षितपणे सामोरे जाण्याचे ज्ञान बहुतेक वेळा उपलब्ध होते. उणीव होती ती हे ज्ञान संबंधितांपर्यंत पोहोचण्याची आणि धोक्याचा इशारा देण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीच्या स्पष्टतेची.

बीजसंज्ञा : वायुगळती, औद्योगिक सुरक्षा, भोपाळ, कारखाने अधिनियम, माहितीचा अधिकार, आपत्कालीन आराखडा.

१. प्रस्तावना

मुंबईच्या गिरणगावात भोंगा हा शब्द अनेक पिढ्यांच्या दिनक्रमाशी जोडलेला होता. गिरणीचा भोंगा पाळी सुरू झाल्याची आणि पाळी सुटल्याची वर्दी देत असे. औद्योगिक समाजात भोंग्याचे दुसरेही एक काम असते, ते म्हणजे धोक्याची सूचना देणे. पहिल्या कामासाठी भोंगा कोणी व केव्हा वाजवावा याबद्दल कधीच संदिग्धता नव्हती. दुसऱ्या कामाबाबत मात्र ती दीर्घकाळ राहिली आणि तिची किंमत हजारो माणसांना मोजावी लागली. या संदिग्धतेचा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

भोपाळ दुर्घटनेविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील बराच भाग कंपनीचे उत्तरदायित्व, नुकसानभरपाई आणि पीडितांचा लढा यांच्याशी संबंधित आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि, ‘गळती सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत कोणी काय केले व का केले’ हा प्रश्न इतिहासलेखनात तुलनेने दुय्यम राहिला. सुरक्षित प्रतिसादाचे शास्त्र याच दोन तासांशी निगडित असते.

२. उद्दिष्टे व अभ्यासाची साधने

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) वायुगळतीच्या धोक्याविषयीची भारतीय कायद्याची दृष्टी कालानुरूप कशी बदलली, ते पाहणे.
(२) भोपाळ येथील घटनाक्रमाच्या आधारे सुरक्षित व असुरक्षित प्रतिसादाची कारणमीमांसा करणे.
(३) १९८६ नंतरच्या कायदेशीर तरतुदींचे स्वरूप स्पष्ट करून त्यांच्या मर्यादा सांगणे.

त्यासाठी अधिनियम, नियम, न्यायालयीन निर्णय, चौकशी अहवाल व दुर्घटनेविषयीचे प्रसिद्ध वृत्तान्त या साधनांचा आधार घेतला आहे. विवेचनाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे.

३. भोपाळपूर्व काळातील कायद्याची दृष्टी

भारतातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. बालकामगारांचे वय व तास आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे, इतकीच त्याची व्याप्ती होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन निवेदन सादर केले. त्यात साप्ताहिक सुटी व कामाचे मर्यादित तास यांबरोबरच कामावर जखमी होणाऱ्या कामगाराला साहाय्य मिळावे, अशीही मागणी होती. त्या काळचा धोका डोळ्यांना दिसणारा होता. पट्टा, चाक, दाते, बाष्पक ही त्याची रूपे होती. यंत्राला कुंपण घातले की धोका आवरता येतो, ही या कायद्यामागची मूळ धारणा होती.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात वायूच्या धोक्याची दखल घेतली गेली. कलम ३६ अन्वये, घातक वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत, विहिरीत वा बंदिस्त जागेत उतरण्यावर निर्बंध घालण्यात आले. जागा सुरक्षित असल्याचे सक्षम व्यक्तीने प्रमाणित केलेले असावे, अथवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून कमरेच्या पट्ट्याला दोर बांधावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे, हे त्या तरतुदीचे सार होते. आजही बंदिस्त जागेतील बचावकार्याचे हेच मूलतत्त्व आहे. श्वसनयंत्राविना साथीदाराला वाचविण्यास उतरलेला दुसरा माणूस बळी पडतो आणि त्याच्यामागे तिसरा, हा मलनिस्सारणाच्या टाक्यांतील व विहिरींतील दुर्घटनांचा नेहमीचा क्रम आहे.

तथापि, या तरतुदीमागील कल्पनाचित्र लक्षात घेण्यासारखे आहे. वायू टाकीच्या आत आहे आणि माणूस आत जात आहे, असे ते चित्र होते. वायू टाकीबाहेर पडून माणसांच्या वस्तीत शिरेल, ही शक्यता १९४८ च्या कायद्याच्या चौकटीत नव्हती. कारखान्याची भिंत ही कायद्याचीही भिंत होती.

याच काळात अन्य देशांत ही धारणा बदलू लागली होती. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ जण मृत्यू पावले. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेव्हेसो येथे डायॉक्सिनयुक्त वायुमेघ बाहेर पडला. त्यातून युरोपीय समुदायाने १९८२ साली मोठ्या औद्योगिक अपघातांच्या धोक्यांविषयीचा निर्देश संमत केला. भारतात मात्र अशी तरतूद होण्यासाठी भोपाळ घडावे लागले.

४. भोपाळ : पूर्वसूचनांचा कालखंड

युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा भोपाळ येथील कीटकनाशक कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. सेव्हिन या कीटकनाशकासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट (यापुढे ‘मिक’) आरंभी बाहेरून आणले जाई. सुमारे १९८० पासून ते भोपाळमध्येच तयार होऊ लागले. या रसायनाचा उत्कलनांक सुमारे ३९ अंश सेल्सिअस असून त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. पाण्याशी संयोग झाल्यास त्यातून मोठ्या प्रमाणावर उष्णता व वायू निर्माण होतात. म्हणून ते थंड, कोरडे व अल्प प्रमाणात साठवावे, हे उत्पादकाला ठाऊक होते.

डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जिनची गळती होऊन एका कामगाराचा मृत्यू झाला. अंगावर द्रव उडाल्याने गोंधळून त्याने तोंडावरील मुखवटा काढला आणि वायू श्वासावाटे आत गेला, असे या घटनेचे वर्णन मिळते. त्याचा मृत्यू काही तासांत नव्हे, तर काही दिवसांनी झाला. फॉस्जिनचा परिणाम फुप्फुसांवर उशिरा दिसतो. बाधित व्यक्तीला प्रथम बरे वाटले तरी तिला वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे लागते, हा धडा या घटनेतून मिळण्यासारखा होता. १९८२ मध्येही गळतीच्या घटना घडल्या. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी कारखान्याची सुरक्षा तपासणी करून अनेक त्रुटी नोंदविल्या. कामगार संघटनांनी तक्रारी केल्या. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या हिंदी साप्ताहिकातून या कारखान्यापासून शहराला असलेल्या धोक्याविषयी लिहिले. म्हणजेच धोक्याची जाणीव कामगारांना होती, तज्ज्ञांना होती आणि एका पत्रकारालाही होती. परंतु ही जाणीव निर्णयात रूपांतरित करण्याचा अधिकार यांपैकी कोणाकडेही नव्हता.

दरम्यान कारखाना तोट्यात गेला आणि खर्चकपात सुरू झाली. मिक विभागातील एका पाळीतील मनुष्यबळ जवळपास निम्म्यावर आले. कार्यपद्धतीच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांची भाषा हिंदी होती. जून १९८४ मध्ये साठवण टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली. गळती झालेला वायू जाळून टाकणारा ज्वालास्तंभ, नळाचा गंजलेला भाग बदलायचा असल्याने जोडणीविना होता. वायू निष्प्रभ करणारी कॉस्टिक सोड्याची धुलाई यंत्रणा राखीव स्थितीत होती.

५. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र

त्या रात्री ई-६१० या टाकीत सुमारे ४० टनांहून अधिक मिक होते. टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले यावर मतभेद आहेत. नळ धुताना अडथळा-चकती न बसविल्यामुळे पाणी आत गेले, असे कामगारांचे व अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. कंपनीने मात्र घातपाताचा दावा केला. त्या वादात न शिरता येथे पुढील घटनाक्रम पाहणे पुरेसे आहे.

रात्री पावणेअकराच्या सुमारास पाळी बदलली. अकराच्या सुमारास नियंत्रण कक्षातील दाबमापकावर १० पौंडांचा दाब दिसला. त्यापूर्वी तो २ होता. नवीन पाळीच्या चालकाला ही वाढ नेहमीच्या मर्यादेतील वाटली. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले आणि गळतीचे ठिकाण आढळले. पर्यवेक्षकाला कळविण्यात आले. चहाच्या सुटीनंतर त्याकडे पाहावे, असे ठरले. चहा संपेपर्यंत दाब मापकाच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला होता. मध्यरात्रीनंतर सुरक्षा झडप उघडली आणि वायू उंच नळीतून बाहेर पडू लागला. पाण्याचे फवारे त्या उंचीपर्यंत पोहोचू शकले नाहीत. सुमारे दोन तासांत टाकीतील बहुतांश वायू शहरावर पसरला.

या क्रमातील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांची चुरचुर हेच गळती शोधण्याचे साधन ठरले होते. मिकची सुरक्षित मानलेली मर्यादा हवेच्या दहा लक्ष भागांत ०.०२ भाग इतकी होती. डोळ्यांना त्याची जाणीव होते ती सुमारे २ भागांना, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट प्रमाण झाल्यावर. दाहाच्या जाणिवेवर इशाऱ्याचे साधन म्हणून विसंबू नये, असे कंपनीच्या स्वतःच्या पुस्तिकेतही होते. परंतु लहानसहान गळत्या नित्याच्या झाल्या की चुरचुरही नित्याची होते. चहाची सुटी हा त्या रात्रीचा बेफिकीरपणा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात ती दीर्घकाळ अंगवळणी पडलेल्या सवयीची परिणती होती.

दुसरी गोष्ट भोंग्याची. रात्री एकच्या थोडे आधी सार्वजनिक भोंगा वाजविण्यात आला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. कारखान्याच्या आतील इशारा चालू राहिला. बाहेरचा भोंगा सलग वाजला तो दोनच्या सुमारास, जेव्हा वायू बराचसा निघून गेला होता. किरकोळ गळतीने वस्तीत घबराट पसरू नये म्हणून आतला व बाहेरचा इशारा वेगळा करण्याची पद्धत आधीच रूढ झाली होती. शिवाय हा भोंगा विविध कारणांनी वरचेवर वाजत असल्याने त्याचा नेमका अर्थ लोकांना माहीत नव्हता. ज्या इशाऱ्याचा अर्थ ऐकणाऱ्यास ठाऊक नाही, तो इशारा नव्हे, केवळ आवाज होय.

६. तीन प्रकारचे प्रतिसाद

त्या रात्रीचे प्रतिसाद तीन गटांत विभागता येतात.

(अ) कामगार : कारखान्यातील बहुतेक कामगार वाऱ्याची दिशा पाहून, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघून गेले आणि बचावले. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी कारखान्यात होती आणि तिच्याकडे पाहून कोणत्या बाजूस जायचे हे त्यांना ठाऊक होते. वायूच्या उगमस्थानी असलेली माणसे वाचली आणि दूर झोपलेली माणसे मेली, या विसंगतीचे स्पष्टीकरण या एका ज्ञानात आहे. हे ज्ञान महाग नव्हते. ते एका वाक्यात सांगता येण्यासारखे होते.

(आ) नागरिक : वारा साधारणतः वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे शहराकडे वाहत होता. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड या वस्त्यांतील लोक जागे झाले ते खोकत आणि डोळ्यांची आग होत. ते वाट फुटेल तिकडे धावले. अनेक जण वायूबरोबरच, त्याच दिशेने धावले. धावताना श्वास जोरात चालतो आणि तितकाच वायू अधिक आत जातो. वायू जड असल्याने जमिनीलगत राहिला व लहान मुलांना त्याची बाधा अधिक झाली. तोंडावर ओले फडके धरावे आणि वाऱ्याला आडवे जाऊन वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडावे, एवढे जरी त्यांना सांगितलेले असते तरी हानी बरीच कमी झाली असती, असे पुढे अनेक तज्ज्ञांनी म्हटले. मिक पाण्याशी संयोग पावते, त्यामुळे ओल्या कापडाचा काही अंशी उपयोग झाला असता. परंतु शेजारच्या कारखान्यात नेमके काय तयार होते, हेच वस्तीला माहीत नव्हते.

(इ) डॉक्टर, रेल्वे कर्मचारी व प्रशासन : हमीदिया रुग्णालयात पहाटेपर्यंत हजारोंची रीघ लागली. वायू कोणता, याची खात्रीशीर माहिती डॉक्टरांकडे नव्हती. हा वायू केवळ दाहक आहे, अशा आशयाचे उत्तर कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मिळाल्याचे सांगितले जाते. सायनाइडची बाधा आहे किंवा नाही आणि सोडियम थायोसल्फेट द्यावे किंवा नाही, यावरून पुढे दीर्घकाळ वाद चालला. रसायनाचे नाव व त्यावरील उपचार ही पहिली औषधमात्रा असते आणि तीच भोपाळला मिळाली नाही. याच रात्री भोपाळ रेल्वे स्थानकावरील कर्मचारी कामावर राहिले. त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. जिल्हा प्रशासनाला मात्र कारखान्याकडून वेळेवर अधिकृत सूचना मिळाली नव्हती.

मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. तात्काळ मृत्यूंचा प्रारंभीचा अधिकृत आकडा २,२५९ होता. मध्य प्रदेश शासनाने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. बाधितांची संख्या शासनाने २००६ मध्ये दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार ५,५८,१२५ इतकी होती. पीडितांच्या संघटनांचे मृत्यूंचे आकडे याहून बरेच मोठे आहेत.

७. दिल्लीतील ओलियम गळती आणि न्यायालयाने आखलेला आराखडा

भोपाळला एक वर्ष झाले तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. हा कारखाना दाट वस्तीत होता. एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आधीच होती. या प्रकरणी २० डिसेंबर १९८६ रोजी न्या. पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने पूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले. घातक उद्योग चालविणारा, दोष असो वा नसो, हानीस जबाबदार राहील आणि भरपाई त्या उद्योगाच्या आर्थिक क्षमतेशी निगडित असेल, असे हे तत्त्व होय. विधी महाविद्यालयांतून हा निर्णय सर्वत्र शिकविला जातो.

सुरक्षित प्रतिसादाच्या इतिहासात मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत दिलेला, तुलनेने कमी चर्चिला गेलेला आदेश अधिक महत्त्वाचा आहे. कारखाना अटींवर सुरू करण्यास परवानगी देताना न्यायालयाने पुढील गोष्टी बंधनकारक केल्या : क्लोरीनचे शरीरावरील परिणाम व तात्काळ उपचार सांगणारे फलक प्रत्येक विभागात आणि प्रवेशद्वारावर हिंदी व इंग्रजीत लावणे, प्रत्येक कामगाराला त्याच्या यंत्राविषयी व गळती झाल्यास करावयाच्या कृतीविषयी प्रशिक्षण देणे, परिसरातील लोकांना वेळीच इशारा व सूचना देण्यासाठी कारखान्याभोवती ध्वनिक्षेपक बसविणे आणि कामगार मुखवटे व पट्टे प्रत्यक्षात वापरतात याची खबरदारी घेणे.

ही यादी भोपाळच्या घटनाक्रमाशेजारी ठेवून वाचली असता तिचा अर्थ उलगडतो. इंग्रजी पुस्तिकेच्या जागी हिंदी फलक, मुक्या भोंग्याच्या जागी बोलणारा ध्वनिक्षेपक आणि प्रवेशद्वाराबाहेरच्या माणसालाही उपचाराची माहिती, असा हा बदल होता. कारखान्याची भिंत ओलांडून माहिती बाहेर जावी, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या ठोस स्वरूपात आले.

याच सुमारास अमेरिकेतही धडा गिरविला जात होता. ११ ऑगस्ट १९८५ रोजी युनियन कार्बाइडच्याच वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट येथील कारखान्यातून गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. तेथेही इशारा देण्यास विलंब झाल्याची टीका झाली. १९८६ मध्ये अमेरिकेने आपत्कालीन नियोजन व समाजाचा माहितीचा अधिकार यांविषयीचा कायदा केला. यावरून विलंबाचे कारण केवळ भारतीय कामगारांचे अपुरे शिक्षण होते, या सुलभ स्पष्टीकरणाला छेद जातो.

८. कायद्याची नवी चौकट (१९८६-१९९६)

१९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन ‘४-अ’ हे नवे प्रकरण (कलमे ४१अ ते ४१ह) समाविष्ट झाले. त्यातील तीन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहेत. कलम ४१ब अन्वये घातक प्रक्रियेतील धोके व उपाय यांची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक प्राधिकरण आणि परिसरातील जनता यांना देणे आणि कारखान्यांतर्गत आपत्कालीन आराखडा करणे भोगवटादारावर बंधनकारक झाले. कलम ४१ग अन्वये सुरक्षा समितीत कामगारांना समान प्रतिनिधित्व मिळाले. कलम ४१ह अन्वये, आसन्न धोक्याची वाजवी शंका आल्यास ती व्यवस्थापनाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. भोपाळच्या कामगारांनी १९८२ मध्ये जे केले, त्याला १९८७ मध्ये कायद्याचे अधिष्ठान लाभले, असे म्हणता येईल.

१९८९ च्या घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियमांनी रसायनांच्या याद्या व प्रमाणमर्यादा ठरविल्या. कारखान्यांतर्गत आराखड्याची जबाबदारी भोगवटादारावर आणि कारखान्याबाहेरील आराखड्याची प्रशासकीय प्राधिकरणावर टाकली. पुढे आराखड्यांच्या रंगीत तालमी ठरावीक मुदतीने घेणेही बंधनकारक झाले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाने बाधितांना तातडीचे साहाय्य देण्याची व्यवस्था केली. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार स्तरांवर संकट गटांची रचना केली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला, २००७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक आपत्तींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००८ मध्ये भारताने मोठ्या औद्योगिक अपघातांच्या प्रतिबंधाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९३ चा करार (क्रमांक १७४) मान्य केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. आसन्न धोक्याची सूचना देण्याचा अधिकार या संहितेतही आहे.

या साऱ्या तरतुदींतून सुरक्षित प्रतिसादाचा जो क्रम सिद्ध झाला, तो असा सांगता येईल : गळतीची शंका येताच, खात्रीची वाट न पाहता इशारा देणे, त्या जागेपासून वाऱ्याच्या आडव्या व नंतर विरुद्ध दिशेने दूर होणे, जड वायू असल्यास सखल जागा टाळणे, ठरलेल्या ठिकाणी जमून शिरगणती करणे, श्वसनयंत्र व प्रशिक्षण असलेल्यांनीच, तेही एकट्याने नव्हे, आत जाणे, अग्निशमन दल व रुग्णालय यांना रसायनाचे नाव प्रथम सांगणे, बाधितांचे दूषित कपडे काढून त्यांना भरपूर पाण्याने धुणे, आणि लक्षणे नसली तरी त्यांना देखरेखीखाली ठेवणे. या क्रमातील जवळपास प्रत्येक कृतीमागे एखादी जुनी दुर्घटना उभी आहे.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

ट्रॉम्बे-चेंबूर, ठाणे-बेलापूर, तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यांमुळे महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात, बंदराच्या आवारात अनेक वर्षे पडून राहिलेल्या क्लोरीन सिलिंडरमधून गळती झाली आणि शंभरच्या आसपास लोक बाधित झाले. त्यांत मदतीस गेलेले अग्निशमन कर्मचारीही होते. येथे उत्पादन नव्हते, कामगारांची पाळी नव्हती, फक्त विस्मृतीत गेलेला साठा होता. कारखान्याची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आराखडा अशा ठिकाणी अपुरा पडतो. डोंबिवलीतील २६ मे २०१६ व २३ मे २०२४ च्या स्फोटांनीही कारखाने व निवासी इमारती यांच्यातील अंतराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. या पट्ट्यांत उत्तर भारतातून व ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने काम करतात. १९८६ मध्ये न्यायालयाने दिल्लीसाठी हिंदी फलकांचा आग्रह धरला. तेच तत्त्व लावायचे तर सूचनाफलक मराठीबरोबरच कामगाराला प्रत्यक्ष वाचता येणाऱ्या भाषेतही असणे क्रमप्राप्त ठरते.

१०. विशाखापट्टणम, २०२०

७ मे २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास विशाखापट्टणमजवळील एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातील टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली. आर. आर. वेंकटपुरम व आसपासच्या वस्त्यांतील १२ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. टाळेबंदीत कारखाना बंद असताना टाकीतील तापमान वाढत गेले होते. राज्य शासनाच्या उच्चाधिकार समितीने जुलै २०२० मध्ये दिलेल्या अहवालात देखभालीतील त्रुटींबरोबरच आणखी एक ठपका ठेवला : कारखान्यात धोक्याचा गजर वाजविण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी असूनही तो वाजविला गेला नाही.

भोपाळनंतर ३५ वर्षांनी, संपूर्ण कायदेशीर चौकट उभी असताना, भोंगा पुन्हा मुका राहिला. रसायन वेगळे होते, कंपनी वेगळी होती, बळींची संख्याही तुलनेने अल्प होती. इशाऱ्याचे अपयश मात्र तेच होते. म्हणून ही बाब यंत्रणेच्या अभावाची मानता येत नाही. रात्रपाळीतील कनिष्ठ कर्मचाऱ्याने वरिष्ठांना न विचारता गजर वाजवावा काय, आणि तो अनाठायी ठरला तर त्याचे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या संस्कृतीत असते, केवळ नियमपुस्तिकेत नसते.

११. निष्कर्ष

(१) भारतीय कायद्याची दृष्टी १८८१ मध्ये यंत्रापाशी, १९४८ मध्ये टाकीच्या तोंडापाशी आणि १९८७ नंतर कारखान्याच्या भिंतीबाहेर पोहोचली. प्रत्येक विस्तार हा पूर्वविचारातून कमी व दुर्घटनेतून अधिक झाला.

(२) भोपाळमध्ये सुरक्षित प्रतिसादाचे ज्ञान अस्तित्वात होते. कामगारांना वाऱ्याची दिशा पाहण्याचे ज्ञान होते, म्हणून ते वाचले. तेच ज्ञान भिंतीपलीकडे पोहोचले नाही. मृत्यूचे वाटप काही अंशी माहितीच्या वाटपानुसार झाले.

(३) इशाऱ्यातील विलंब हा भोपाळ व विशाखापट्टणम या दोन्ही घटनांतील समान घटक आहे. घबराट होईल या भीतीने इशारा रोखणे, ही प्रतिसादातील सर्वांत घातक चूक ठरते.

(४) आसन्न धोक्याची सूचना देण्याचा अधिकार कामगाराला मिळाला असला, तरी ती सूचना खरी आहे काय, याचा निर्णय वरच्या अधिकाऱ्यांवर सोपविलेला आहे. दोन तासांत घडून जाणाऱ्या संकटात हा क्रम अपुरा पडतो. थेट गजर वाजविण्याची मुभा व तो चुकीचा ठरल्यास शिक्षेपासून संरक्षण, यांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

१२. समारोप

भोपाळचा अध्याय न्यायालयात व भूमीवर दीर्घकाळ चालू राहिला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली, वाढीव भरपाईची केंद्राची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली आणि कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन घातक कचरा २०२५ मध्ये पीथमपूर येथे नेऊन जाळण्यात आला. कचरा हलविण्यास चाळीस वर्षे लागली. धडा आत्मसात करण्यासही तितकाच काळ लागावा, हे परवडणारे नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी संबंध केवळ अभ्यासापुरता नाही. रसायनशास्त्र विभागाच्या भांडारात ब्रोमीन, संहत आम्ले व ज्वालाग्राही द्रावके असतात आणि तेथे काम करणारे प्रयोगशाळा परिचर व विद्यार्थी यांना कारखान्याच्या कामगाराइतकेही कायदेशीर संरक्षण सहसा नसते. बाटलीवरील माहिती त्यांना समजेल अशा भाषेत आहे काय, बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे काय, आणि सर्वांत कनिष्ठ परिचरालाही कोणाची परवानगी न घेता घंटा वाजविता येते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे शोधण्यास निधी अल्प लागतो. अधिकार वाटून देण्याची तयारी मात्र लागते आणि इतिहासाच्या साक्षीने पाहता, दुर्मीळ ठरली आहे ती हीच तयारी.